नांदायला न गेलेली रखमाबाई

विहाराच्या स्मरणिकेत दरवर्षी एका तरी थोर स्त्रीचं चरित्र असावं असा मंडळाचा आग्रह असतो. सावित्रीबाईंवर लिहून झालं. माता रमाईंवर तर दर अंकात कोणी ना कोणी लिहितंच, आणि ते योग्यच आहे. यंदा हे काम आमच्याकडे आलं तेव्हा आम्ही डॉक्टर रखमाबाईंचं नाव सुचवलं. दोघा-तिघांनी तोंडाकडे बघितलं. ही बाई आपल्या समाजाची नाही, धम्माची नाही, मग आपल्या विहाराच्या पुस्तकात कशाला, असं एकाने उघड विचारलं. त्याचं उत्तर आम्ही तेव्हा दिलं नाही. आता लिहून देतो.

नांदणे हा शब्द आपल्या सगळ्यांच्या तोंडात आहे. मुलगी नांदते का, चांगली नांदली, नांदायला पाठवा, नांदवत नाही. शब्द ऐकायला गोड आहे, सुखाने राहणं असा त्याचा अर्थ. पण बैठकीत तोच शब्द आला की त्याचा अर्थ एकच उरतो : नवऱ्याने बोलावलं की गुमान जायचं. आम्ही अशा बैठकींना बसलेलो आहोत. तेव्हा गिरणीत त्रासन खात्यात होतो, चळवळीत नाव होतं, लोक मान द्यायचे. वस्तीतली एक मुलगी सासरहून निघून आली. तीन बैठका झाल्या. मुलगी म्हणायची जाणार नाही, पण का ते नीट सांगायची नाही. आम्ही सगळे बापे मांडी घालून बसलेलो, तिने सांगावं तरी कसं? शेवटी आम्ही समजूत काढली आणि तिला पाठवलं. आठ महिन्यांनी ती परत आली तेव्हा तिच्या डोळ्यांत बघायची आमची हिंमत झाली नाही. त्यानंतर कधीतरी रखमाबाईंचं चरित्र हाती पडलं. रात्रपाळीला डब्याबरोबर पिशवीत घालून न्यायचो, सुट्टीच्या वेळेत दिव्याखाली बसून वाचायचो. ही सगळी हकीकत आधी माहीत असती तर, असं वाटत राहिलं.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईचा. जात सुताराची. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. मुलगी दोन-अडीच वर्षांची असताना वडील वारले आणि जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झाल्या. ब्राह्मणाच्या घरात जन्मल्या असत्या तर केशवपन आणि अंधारी खोली नशिबी आली असती. पण सुतारांत पाट लावायची रीत होती. कष्टकरी जातींत ती बहुतेक सगळीकडे होती. सहा वर्षांनी जयंतीबाईंनी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्याआधी पहिल्या नवऱ्याची मिळकत त्यांनी मुलीच्या नावाने करून दिली. आठ-नऊ वर्षांच्या पोरीच्या नावावर मिळकत! पुढे सगळ्या भांडणाला जे पाय फुटले त्यातला एक इथून फुटला, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

सखाराम अर्जुन हा माणूस मोठा होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. १८८३ साली मुंबईत निसर्ग अभ्यासकांची जी संस्था निघाली, तिच्या आठ संस्थापकांत दोनच हिंदी माणसं होती, त्यातले हे एक. सुधारक विष्णुशास्त्री पंडितांशी त्यांची मैत्री. एवढं असूनसुद्धा घरात मुलीचं लग्न अकराव्या वर्षी झालंच. सुधारणा बैठकीच्या खोलीत असते, माजघरात ती उशिरा पोचते. आम्ही दुसऱ्याला नावं ठेवतोय असं समजू नका, आमच्या घरातलं वरच सांगितलं आहे.

नवरा दादाजी भिकाजी, सखाराम अर्जुनांच्याच नात्यातला, वय एकोणीस. ठरलं असं होतं की त्याने घरजावई होऊन राहायचं, शिकायचं, शहाणं व्हायचं, खर्च सासऱ्याने करायचा. मुलगी लग्नानंतरही आईच्याच घरी. काही महिन्यांत ती वयात आली. रीतीप्रमाणे लगेच गर्भाधान व्हायचं, पण सखाराम अर्जुन डॉक्टर होते, कोवळ्या वयात बाळंतपणाने पोरी कशा मरतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्यांनी ठाम नकार दिला. इकडे दादाजीला शिक्षण नकोसं झालं होतं. विशीच्या पोराला सहावीच्या वर्गात बसवलं म्हणजे काय होणार? तेवढ्यात त्याची आई वारली आणि तो मामाकडे, नारायण धर्माजीकडे राहायला गेला. त्या घराची तऱ्हा वेगळी होती. मामाने बाई ठेवलेली, तिच्या त्रासाने मामी जीव द्यायला निघालेली. दादाजी तिथे आळसात बुडाला, आजारी पडला, कर्ज करून बसला. मग त्याला बायकोची आठवण झाली. बायकोबरोबर तिची मिळकतही येणार होती.

ह्या आठ वर्षांत ती पोरगी काय करत होती? वाचत होती. शाळा सुटलेली, पण मिशनच्या वाचनालयातून पुस्तकं घरी यायची, सखाराम अर्जुन सांगायचे. आईबरोबर प्रार्थना समाजात जायची, पुढे आर्य महिला समाजाच्या बैठकींना जायची. स्वतःचं स्वतः वाचून इंग्रजी शिकली, आणि ते इतकं की पुढे टाइम्स ऑफ इंडियात लिहिलं. आम्ही स्वतः सातवीनंतर गिरणीत लागलेले आणि जे काय शिकलो ते पेपर आणि पुस्तकं वाचून, म्हणून ह्या गोष्टीची किंमत आम्हाला जरा जास्त कळते. एकट्याने शिकलेल्या माणसाला आपण काय शिकलो हे कोणी सांगत नाही, ते त्याला वेळ आली की कळतं.

वेळ आली मार्च १८८४ मध्ये. दादाजीने वकिलामार्फत सखाराम अर्जुनांना पत्र पाठवलं, माझी बायको माझ्याकडे पाठवा. त्यांनी कळवलं की आम्ही तिला अडवलेलं नाही. रखमाबाई मात्र गेल्या नाहीत. मग हायकोर्टात दावा दाखल झाला. फोर्टमधली हायकोर्टाची दगडी इमारत तेव्हा नवीनच होती, १८७८ साली बांधून पूर्ण झालेली. त्याच १८८४ साली इकडे परळच्या बाजूला नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून सभा भरवत होते. एकाच शहरात एका टोकाला मजूर म्हणत होता आमचा एक दिवस आमचा आहे, आणि दुसऱ्या टोकाला एक बाई म्हणत होती माझा देह माझा आहे. दोन्ही बाजूंना एकमेकांची किती खबर होती सांगता येत नाही, पण आम्हाला तरी ह्या गोष्टी शेजारीशेजारी ठेवून बघायला आवडतं.

खटला उभा राहायच्या आधीच, एप्रिल १८८५ मध्ये सखाराम अर्जुन वारले. पाठीवरचा हात गेला. वीस वर्षांची मुलगी, विधवा आई, धाकटी भावंडं. जातीचे लोक वर. अशा वेळी शंभरातल्या नव्व्याण्णव घरांत पोरीला समजावून गाडीत बसवलं असतं. रखमाबाईंनी त्याच वर्षी जूनमध्ये टाइम्स ऑफ इंडियाला एक लांबलचक पत्र लिहिलं. खाली नाव घातलं नाही, एक हिंदू स्त्री एवढंच. बालविवाहाने मुलीचं शिक्षण कसं तुटतं, तिचं मन कसं मारलं जातं, हे त्यात होतं. सप्टेंबरात दुसरं पत्र, लादलेल्या वैधव्यावर. ती बाई कोण हे पुढे उघड झालं तेव्हा शहर चकित झालं.

न्यायमूर्ती पिन्हे यांनी २१ सप्टेंबर १८८५ रोजी निकाल दिला, तो रखमाबाईंच्या बाजूने. अजाण वयात जिचं लग्न लावलं आणि जी नवऱ्याबरोबर एक दिवस राहिलेली नाही, अशा बाईला तिच्या मनाविरुद्ध त्याच्या स्वाधीन करणं हे रानटीपणाचं आहे, असा त्याचा मतलब होता. आणि आणखी एक मुद्दा त्यांनी काढला, तो लक्ष देऊन वाचण्यासारखा आहे. बायकोला कोर्टामार्फत ओढून आणण्याचा हा दावा हिंदूंच्या धर्मशास्त्रातला नव्हताच. तो इंग्रजांच्या चर्चच्या कायद्यातून आलेला. इंग्लंडातच तो बदनाम झाला होता, आणि १८८४ साली तिथल्या पार्लमेंटाने ह्या कामातली तुरुंगाची शिक्षा काढून टाकली होती. म्हणजे ज्या साली विलायतेत ती शिक्षा गेली, त्याच साली मुंबईत आपल्या एका मुलीवर तिची टांगती तलवार आली, कारण इथल्या १८८२ च्या दिवाणी कायद्यात ती शाबूत होती. हुकूम मोडला तर सहा महिन्यांपर्यंत तुरुंग, किंवा मिळकतीवर जप्ती.

आता गंमत बघा. धर्म बुडाला म्हणून ओरड करणारे सनातनी ज्या कायद्याच्या जोरावर ओरडत होते तो कायदा त्यांच्या धर्माचा नव्हता, परक्या पाद्र्यांचा होता. सुतारांसारख्या जातींत तर पाट होता, काडीमोड होती. पण बाईला कोंडायचं असलं की कायदा कुठून आला हे कोणी विचारत नाही. केसरी आणि मराठातून रखमाबाईंवर कडाडून टीका झाली. इंग्रजी शिकलेल्या बायका अशाच होणार, हा हिंदू धर्मावरचाच घाला, असा टिळकांचा सूर होता. टिळकांचं स्वातंत्र्याच्या लढ्यातलं काम मोठं, ते आम्ही नाकारत नाही. पण ह्या एका प्रकरणात त्यांनी एका एकट्या पोरीच्या विरुद्ध आपली सगळी लेखणी लावली, हेही नाकारता येत नाही. रखमाबाईंच्या बाजूला बेहरामजी मलबारी होते, पंडिता रमाबाई होत्या. मदतीसाठी एक समिती निघाली. परदेशातून मॅक्स म्युलरने लिहिलं.

दादाजीने अपील केलं. मार्च १८८६ मध्ये सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हे यांचा निकाल फिरवून प्रकरण पुन्हा चालवायला पाठवलं. मग आला ४ मार्च १८८७ चा दिवस. न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला, एका महिन्यात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर तुरुंगात जा.

त्याच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारीला पुण्यात डॉक्टर आनंदीबाई जोशी वारल्या होत्या. सगळा महाराष्ट्र हळहळत होता. आनंदीबाई नवऱ्याच्या हट्टाने शिकल्या, त्याचा मारही खाल्ला, समुद्र ओलांडून गेल्या आणि डॉक्टर होऊन आल्या. मोठीच बाई. पण नवऱ्याच्या आज्ञेने शिकलेली बाई समाजाला रडायला चालते. नवऱ्याची आज्ञा मोडून शिकू बघणारी चालत नाही. त्याच आठवड्यात लोकांनी एकीसाठी डोळे पुसले आणि दुसरीला तुरुंगात टाका म्हणाले.

रखमाबाईंनी सांगितलं की मी हुकूम मानणार नाही, कायद्यात जी सर्वांत जास्त शिक्षा असेल ती भोगीन. बावीस वर्षांचं वय. ह्या ठिकाणी आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. आमच्या लोकांनी सत्याग्रह केले, तुरुंग भोगले, आम्हीही नामांतराच्या दिवसांची गाणी-भाषणं ऐकत मोठे झालो. पण तुरुंगात जाणाऱ्याबरोबर गर्दी असते, घोषणा असतात, बाहेर आल्यावर हार असतात. ह्या बाईबरोबर तिची जातसुद्धा नव्हती. अन्याय्य कायदा पाळणार नाही, शिक्षा भोगीन, असं कोर्टात तोंडावर सांगण्याची जी रीत पुढे साऱ्या देशाने उचलली, ती मुंबईच्या हायकोर्टात एका सुताराच्या मुलीने किती आधी दाखवली होती!

दादाजीच्या बाजूचंही लिहायला पाहिजे. त्याने १८८७ मध्ये आपली कैफियत छापली. माझ्या बायकोला तिच्या आईने आणि आजोबांनी मिळकतीसाठी फितवलं, असं त्याचं म्हणणं. रखमाबाईंनी त्याला छापून उत्तर दिलं. तो राक्षस होता असं आम्हाला वाटत नाही. गरीब, आजारी, अर्धवट शिकलेला, मामाच्या हातातला माणूस होता. पण प्रश्न तो चांगला की वाईट हा नव्हताच. आपल्या बैठकींत नेमकी हीच चूक होते. आम्ही विचारतो, तो दारू पितो का, मारतो का, कामाला जातो का? नाही म्हटलं की सांगतो, मग जा बाई. तिला जायचं आहे का, हे शेवटी विचारतो, कधी कधी विचारतच नाही. रखमाबाईंनी तेच आधी मांडलं. अकराव्या वर्षी मला कोणी विचारलं नव्हतं, आता मी सांगते आहे, नाही.

प्रकरण पुढे अपिलात लोंबकळलं, खर्च वाढत गेला, आणि जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजीने हुकुमाची अंमलबजावणी सोडून दिली. पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं की व्हिक्टोरिया राणीने स्वतः हे लग्न मोडलं. ते खरं नाही. राणी मध्ये पडली नाही. पैसे मोजून सुटका झाली, आणि लग्न कायद्याने मोडलंच नाही. दादाजीने दुसरं लग्न केलं, त्याला मोकळीक होती. रखमाबाई कागदावर शेवटपर्यंत त्याचीच बायको राहिल्या. आमच्या भाषणबाजांनी राणीची गोष्ट सांगायचं आता बंद करावं. राणीच्या कृपेने सुटली म्हटलं की त्या बाईची चार वर्षांची झुंज पुसली जाते.

पुढचं आयुष्य मोठं आहे, पण त्यात भांडण नाही म्हणून लोक दोन ओळींत संपवतात. आम्हीही फार लांबवत नाही. कामा हॉस्पिटलच्या डॉक्टर एडिथ पीची यांनी धीर दिला, वर्गणी जमली, इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी पाचशे रुपये दिले, आणि १८८९ साली रखमाबाई विलायतेला गेल्या. लंडनच्या बायकांच्या वैद्यकीय शाळेत शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. परत आल्यावर सुरतेच्या बायकांच्या इस्पितळाची जबाबदारी घेतली. हिंदुस्थानात प्रत्यक्ष डॉक्टरकी करणाऱ्या पहिल्या मोजक्या बायकांत त्यांची गणना होते. प्लेगच्या साथीत सुरत सोडून पळाल्या नाहीत. पुढे १९१८ पासून राजकोटच्या जनाना इस्पितळात. पस्तीस वर्षं त्यांनी बायकांची बाळंतपणं केली, आजार बघितले. जिने स्वतः संसार केला नाही तिच्या हातावर किती संसारांतली मुलं जन्मली असतील, मोजदाद नाही. १९२९ साली पडदा पद्धतीविरुद्ध पुस्तिका काढली. म्हणजे पासष्टीतही गप्प बसल्या नव्हत्या.

मधली एक गोष्ट राहिली, ती मुद्दाम मागे ठेवली होती. १९०४ साली दादाजी वारला. तेव्हा रखमाबाईंनी विधवेचं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आम्हाला राग आला. ज्याच्या घरात पाऊल ठेवलं नाही, ज्याच्यासाठी तुरुंगात जायला निघाल्या, त्याचं वैधव्य कशाला? आम्ही आमच्या एका कार्यकर्त्या भगिनीला हे विचारलं. ती म्हणाली, भाऊ, तुम्ही परत तेच करताय. तिने कसं राहायला पाहिजे होतं हे तुम्ही ठरवताय. आम्ही गप्प झालो. कदाचित बाळंतपणाला घरोघर जायचं तर पांढऱ्या लुगड्यातल्या बाईला कोणी प्रश्न विचारत नसेल. कदाचित मनात दुसरं काही असेल. त्यांनी त्याचा खुलासा केला नाही आणि तो मागायचा अधिकार आम्हाला नाही.

त्यांच्या खटल्याने जी खळबळ उडाली तिचा हात १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला लागला. मुलीचं संमतिवय दहाचं बारा झालं. एवढंच. त्यालाही धर्म बुडतो म्हणून विरोध झाला. नवऱ्याकडे न जाणाऱ्या बायकोला तुरुंगात टाकायची तरतूद १९२३ साली दिवाणी कायद्यातून निघाली, म्हणजे फॅरनच्या हुकुमानंतर छत्तीस वर्षांनी. आणि बाईला नवऱ्यापासून कायद्याने सुटता यावं, एकाने दोन बायका करू नयेत, मुलीला मिळकतीत वाटा मिळावा, हे सगळं एका कायद्यात आणायला निघाले ते बाबासाहेब. हिंदू कोड बिल अडवलं गेलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं, हे आपल्याला पाठ आहे. पण ते बिल कोणासाठी होतं हे विचारलं तर आपण सगळ्या स्त्रियांसाठी असं मोघम सांगतो. रखमाबाईंसारखीसाठी होतं. १८८८ साली दोन हजार रुपये मोजावे लागले नसते, अशा बाईसाठी होतं.

त्या बिलाचे तुकडे करून पुढे वेगवेगळे कायदे झाले. त्यातला हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ पासून लागू झाला. तेव्हा रखमाबाई नव्वद वर्षांच्या होत्या, मुंबईतच होत्या. चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या वारल्या. कायद्यात घटस्फोट आला होता. पण त्याच कायद्याच्या नवव्या कलमात नांदायला आणण्याचा दावाही राहिला. तुरुंग नाही, पण कोर्टाचा हुकूम आहे, जप्ती आहे. १९८३ साली आंध्रच्या हायकोर्टाने ते कलम घटनेविरुद्ध ठरवलं होतं, पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं.

आपल्या वस्तीतसुद्धा तशा नोटिसा येतात. पाकीट घेऊन मुलगी किंवा तिची आई विहारात येते, वाचून दाखवा म्हणते. बौद्ध पद्धतीने लग्न झालं तरी कायदा हाच लागतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. आम्ही वाचून दाखवतो, आणि नोटीस आली म्हणजे लगेच जावं लागतं असं नाही, वकिलामार्फत उत्तर देता येतं, एवढं सांगतो. बापे मंडळींना बाहेर बसवतो. आणि पहिला प्रश्न मुलीला विचारतो.